जेवून आलो की सांगतो

माझं दुकान आणि मिस्त्रींचं गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि तीसुद्धा वर फूटभर उघडी. त्यामुळे बावीस वर्षं तिकडचं बोलणं इकडे ऐकू येतं आणि माझी भांडणं तिकडे. मी ट्रकचे सुटे भाग विकते. फिल्टर, गॅस्केट, फॅनबेल्ट, ब्रेक लायनर, हव्या त्या मापाचे नटबोल्ट. बाईच्या हातून क्लच प्लेट घ्यायला सुरुवातीला ड्रायव्हर लोकांना जड जायचं. एकाने विचारलं होतं, "घरात कोणी पुरुषमाणूस नाही का?" मी म्हटलं, "आहे, पण त्याला यातलं ओ की ठो कळत नाही." आता सगळे मला मावशी म्हणतात आणि माझं बोलणं निमूट ऐकून घेतात.

हे लिहिते आहे ते मिस्त्रींचं कौतुक करायला नाही. ते करणारे पुष्कळ आहेत. मला एक गोष्ट माहीत होती आणि मी ती योग्य माणसाला सांगितली नाही, म्हणून लिहिते आहे. एरवी माझ्या तोंडाला कधी कुलूप नसतं. नेमकं तिथेच लागलं.

मिस्त्री जुन्या ट्रकचे डॉक्टर. नवी गाडी आली की ते हात जोडतात. नव्या गाडीला कॉम्प्युटर जोडला की ती आपलं दुखणं स्वतःच सांगते, त्यात मिस्त्रींना काय रस? जुनी गाडी म्हणजे म्हातारी सासू. कुठे दुखतंय ते सांगणार नाही, पण दिवसभर कण्हत राहणार. धूर काळा की निळा की पांढरा, गिअर चढावर निसटतो की उतारावर, ब्रेक दाबल्यावर हवा कुठून फुसफुसते, हे सगळं ते बघायचे. पण त्यांची खरी परीक्षा इंजिन ऑईलची. ऑईल मोजायची पट्टी बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची, उजेडात धरायची. मग थेंब अंगठा आणि बोटात चोळायचा. मग डोळे मिटून पट्टी नाकाखाली. आणि मग निकाल. गोडसर वास आला की रेडिएटरचं पाणी आत शिरलंय, हेडची गॅस्केट गेली. करपट आला की इंजिन तापून तापून थकलंय. उग्र आला की डिझेल.

एकदा एक ड्रायव्हर छाती फुगवून आला. माझ्याच दुकानात उभा राहून म्हणाला, "मावशी, लोकांच्या गाड्या ऑईल पितात. माझी गाडी उलट देते. महिनाभर घातलं नाही, तरी पट्टीवर दोन बोटं वाढलंय." भिंतीच्या वरून मिस्त्रींचा आवाज आला, "म्हैस आहे का ती? सकाळ-संध्याकाळ काढून घे मग." मग ते स्वतः आले, पट्टी हुंगली आणि म्हणाले, "अरे शहाण्या, वाढलंय ते ऑईल नाही, डिझेल आहे. पंपाचं सील फुटून आत गळतंय. ऑईल पातळ होऊन पाण्यासारखं झालंय. आणखी चार दिवस चालवलीस तर बेअरिंगं एकमेकांना चिकटतील आणि गाडी रस्त्यात बसेल." तो ड्रायव्हर आजही कुठे भेटला की लोक त्याला विचारतात, "म्हैस बरी आहे ना?"

लोक त्यांना नाकवाला मिस्त्री म्हणत. त्यांना ते आवडायचं. नाकावर माशी बसू देत नसत.

सहा वर्षांपूर्वी त्यांना ताप आला. दहा दिवस अंथरुणात होते. ताप उतरला, कामावर आले, सगळं पहिल्यासारखं दिसत होतं. फक्त वास येत नव्हता. अजिबात नाही. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. पट्टी नाकाखाली धरायचे, डोळे मिटायचे, नाटक पूर्ण करायचे, आणि मग बोटावरून, रंगावरून, अंदाजाने सांगायचे. दोन-तीनदा चुकले. चूक लहान होती म्हणून निभावली.

त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनीला, मात्र कळलं. मिस्त्रींचं घर गॅरेजच्या मागच्याच गल्लीत, दोन खोल्या आणि एक मोरी. एका संध्याकाळी गॅसची शेगडी चुकून उघडी राहिली होती. वहिनी दारातून आत आली तेव्हा खोली गॅसने भरलेली, आणि मिस्त्री चहा करायला म्हणून लायटर हातात घेऊन शेगडीसमोर उभे. तिने धावत जाऊन मनगट धरलं. खिडक्या उघडल्या. मग हात कमरेवर ठेवून विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्यापुढे नाकाने कांदे सोलू नका. वास कधीपासून येत नाही?"

हे सगळं मला वहिनीनेच सांगितलं. ती दुपारी भांडी आवरली की माझ्या दुकानात येऊन बसायची. बुटकी, गोल, हसताना पदर तोंडावर धरणारी. लेक लग्न होऊन लांब गेलेली, त्यामुळे बोलायला मी एकटीच. मी तिच्याहून दहा वर्षांनी मोठी, म्हणून ती मला ताई म्हणायची. शेगडीची गोष्ट सांगून झाल्यावर म्हणाली, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. कुठे बोलायचं नाही हं." मी बोलले नाही. ते गुपित ठेवलं त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. दुसऱ्याचा आहे.

तिने त्यावर तोडगा काढला. मिस्त्री सकाळी आलेल्या गाडीची पट्टी काढायचे, ऑईलचा थेंब पांढऱ्या सुती चिंधीवर घ्यायचे, चिंधीला गाठ मारायचे. पहिल्या गाडीला एक गाठ, दुसरीला दोन. खिशात घालून बाराला घरी जेवायला. वहिनी ताट वाढायची, आणि मग हात धुऊन चिंध्या सोडायची. एकेक हुंगायची आणि सांगायची. तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण वासाला तिने स्वतःची नावं ठेवली होती. डिझेल म्हणजे रॉकेलचा दांडगा भाऊ. करपलेलं ऑईल म्हणजे बुडाला लागलेलं दूध. रेडिएटरचं पाणी म्हणजे खोकल्याचं औषध. पहिल्या महिन्यात तिला मळमळायचं. मग सवय झाली. एकदा म्हणाली, "ताई, दोन गाठीवाल्याला आज रॉकेलचा भाऊ आणि खोकल्याचं औषध दोन्ही झालंय. बिचारा वाचतो का बघायचं."

तेव्हापासून गॅरेजमध्ये नवीन रीत पडली. सकाळी गाडी आली की मिस्त्री पट्टी बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "जेवून आलो की सांगतो." ड्रायव्हर वैतागायचे. "मिस्त्री, पट्टी बघायला जेवण कशाला लागतं?" मिस्त्री म्हणायचे, "उपाशी पोटी मी कोणाच्या आजाराबद्दल बोलत नाही." हळूहळू लोकांनी तेही मिस्त्रींचं वेगळेपण म्हणून स्वीकारलं. मोठ्या माणसाच्या खोडीलाही लोक गुण समजतात. एक-दोन गॅरेजवाल्यांनी तर नक्कल सुरू केली. तेही जेवल्यावरच सांगायला लागले. आम्ही दोघी दुकानात बसून पोट धरधरून हसलो होतो.

असं पाच वर्षं चाललं. एकही निदान चुकलं नाही.

मग एका दुपारी मी वहिनीकडे गेले. दार उघडं होतं. बाहेरूनच मला दूध करपल्याचा वास आला, धूर दिसला. आत गेले तर पातेलं काळं पडलेलं, आणि वहिनी शेगडीपासून चार हातांवर बसून वाटाणे सोलत होती. मी ओरडले तेव्हा कुठे तिने वळून पाहिलं.

तिला वास येत नव्हता. मीच शेगडी बंद केली आणि तिच्यासमोर बसले. तिने आधी सर्दी म्हटलं, मग मी डोळे वटारल्यावर खरं बोलली. महिनाभरापासून कमी कमी होत गेला होता, आता काहीच नाही. कपाळ जड असतं म्हणाली.

"मिस्त्रींना सांगितलंस?"

"वेड्या आहात का ताई? त्यांचं नाक माझ्यावर चाललंय. माझंही गेलं म्हटल्यावर ते गॅरेजला कुलूप लावतील."

"मग चिंध्यांचं काय करतेस?"

ती हसली. पदर तोंडावर. "काही नाही. ते चिंधी देतात तेव्हा आधी स्वतःच बोलतात. 'बघ गं, पातळ वाटतंय, कागदावर कडं पसरलंय.' मी हुंगल्यासारखं करते आणि म्हणते, रॉकेलचा भाऊ. 'तव्यावर थेंब तडतडला,' म्हणाले की मी म्हणते, खोकल्याचं औषध. त्यांना आधीच माहीत असतं. मी फक्त हो म्हणते."

मला तेव्हा ते गमतीचं वाटलं. खरंच सांगते, गमतीचं. ऑईलचा थेंब कागदावर टाकला आणि त्यात डिझेल असलं की भोवती फिकट कडं पसरतं. तापलेल्या तव्यावर टाकला आणि पाणी असलं की तडतडतो. या परीक्षा मिस्त्रींना पाठ होत्या. मी म्हटलं, वाहवा, नवरा ड्रायव्हरांना फसवतोय, बायको नवऱ्याला, आणि गाड्या बऱ्या होतायत. मी तिला म्हटलं, "वाफ घे. सर्दी असेल, जाईल आपोआप." तिने वाफ घेतली. आणि मला पुन्हा शपथ घातली. अळीमिळी गुपचिळी.

तिला मी डॉक्टरकडे ओढत न्यायला हवं होतं. ड्रायव्हरांना मी रोज शिव्या घालते, "आवाज येतोय तर आजच दाखव, दुखणं अंगावर काढू नकोस, नंतर अख्खं इंजिन उतरवावं लागेल." हे मी दिवसातून चार वेळा बोलते. माझ्याच शेजारी बसून ती कपाळ दाबत होती आणि मी तिला सुंठ उगाळून लाव म्हणाले.

तीन महिन्यांनी लंबूचा ट्रक आला. लंबू म्हणजे सहा फूट दोन इंच उंच, आवाजाने त्याहून मोठा, पण मनाने साधा ड्रायव्हर. ट्रक त्याच्या वडिलांच्या वेळचा. त्याचं म्हणणं, गाडी चढावर दम सोडते. मिस्त्रींनी पट्टी पाहिली, म्हणाले, "जेवून आलो की सांगतो." जेवून आले आणि म्हणाले, "साफ आहे. ने." लंबूने माझ्याकडून एअर फिल्टर घेतला आणि गेला.

चौथ्या दिवशी तो बसने परत आला. भरल्या मालासकट मोठ्या चढावर इंजिन जाम झालं होतं. क्रँकची बेअरिंगं वितळून चिकटली होती. नशीब, मागे कोणी नव्हतं आणि त्याने हँडब्रेक ओढून चाकांखाली दगड लावले. ऑईल काढलं तर त्यात एक-तृतीयांश डिझेल.

लंबू भर गॅरेजात उभा राहिला. आठ-दहा माणसं होती. "मिस्त्री, माझ्या बापाची गाडी होती ती. साफ आहे म्हणालात. काय झालं तुमच्या नाकाला?" मिस्त्री हातातला पाना पुसत राहिले. लंबूचा आवाजच मग फुटला आणि तो माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. मी त्याला पाणी दिलं. मिस्त्री बाराच्या आधीच घरी निघून गेले.

त्या दुपारी वहिनी आली नाही. दुसऱ्या दिवशी आली. डोळे सुजलेले. मिस्त्री तिला म्हणाले होते, "एवढं एक काम होतं तुझं. एवढं एकच. तेही जमलं नाही?" सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला आवाज चढवून बोललेलं हे पहिलंच वाक्य.

"मग सांगितलंस का त्यांना? वास येत नाही म्हणून?"

"आता कुठल्या तोंडाने सांगू? त्यांना वाटेल, सबब काढतेय." मग म्हणाली, "त्या दिवशी ते काही बोललेच नाहीत, ताई. चिंधी दिली आणि गप्प जेवत बसले. मी दोनदा विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, तू सांग. मी बघितली, काळी होती, नेहमीसारखी. म्हटलं, साफ आहे."

मी तेव्हाही सांगायला हवं होतं. भिंतीवरून एक हाक पुरली असती. पण मी तिची बाजू घेतली आणि मिस्त्रींवर रागावले. वाटलं, बसू दे त्यांना फुगून, दोन दिवसांनी आपोआप येतील वळणावर. त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. सामान मागितलं की काउंटरवर आदळायचे. माझा राग असा, चुकीच्या दारात जाऊन आरडाओरडा करणारा.

त्यानंतर मिस्त्री चिंध्या नेईनासे झाले. "जेवून आलो की सांगतो" हे बंद झालं. निदान जागेवरच सांगायचे, कागद आणि तवा घेऊन, आणि बरोबर सांगायचे. जेवायला घरी जायचे आणि दहा मिनिटांत परत यायचे.

वहिनी आता दाराच्या चौकटीला धडकायला लागली. चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवायला लागली. एकदा माझ्या दुकानात मी काहीही विनोद केला नसताना बराच वेळ हसत राहिली, आणि मला भीती वाटली. त्या संध्याकाळी मी मिस्त्रींना म्हटलं, तिला दवाखान्यात न्या. ते म्हणाले, "मीही तेच म्हणतोय, ती ऐकत नाही." शेवटी ती मोरीत पडली आणि तसंच उचलून न्यावं लागलं. मीही दुकान उघडं टाकून रिक्षात चढले.

दोन दिवस तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या. कपाळाच्या मागे, नाकाच्या बरोबर वर, गाठ होती. मोठी. त्यांनी अंगठा आणि बोट पसरून दाखवली. मग म्हणाल्या, "ही हळूहळू वाढते. वास जाणं हे याचं पहिलं लक्षण असतं. मग डोकं, मग नजर. पेशंटचा वास कधी गेला, काही सांगता येईल? तेव्हाच आला असता तर सोपं होतं."

मिस्त्री ठामपणे म्हणाले, "नाही हो डॉक्टर. तिचं नाक शाबूत आहे. तिच्या नाकावर तर माझं गॅरेज चालत होतं."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी तिथेच, मिस्त्रींच्या डाव्या हाताला उभी होते. मी बोलले नाही. वहिनीला दिलेली शपथ मोडू नये म्हणून नव्हे, मला भीती वाटली. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, याची.

ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली नाही. अकराव्या दिवशी दुपारी गेली. लेक आली होती. मिस्त्री खुर्चीवर बसून होते. नर्सने "तुम्ही बाहेर थांबा" म्हटलं तर लगेच उठून बाहेर थांबले, आज्ञाधारकपणे, आणि मग आत जायचं विसरूनच गेले. मी त्यांना दंडाला धरून आत नेलं.

महिनाभर गॅरेज बंद. लेक बाबांना आपल्या घरी चला म्हणत होती, ते गेले नाहीत. मग एका सोमवारी शटर वर गेल्याचा आवाज आला. पहिली गाडी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरची होती. मिस्त्रींनी पट्टी काढली, कागदावर थेंब टाकला, उन्हात धरला, आणि म्हणाले, "डिझेल शिरलंय. पंपाचं सील बघू." ड्रायव्हर म्हणाला, "अहो, तुम्ही तर जेवल्याशिवाय सांगत नव्हता ना?" मिस्त्री पाना घेऊन गाडीखाली शिरले.

बाराला ते घरी गेले नाहीत. माझ्या दुकानात आले आणि वहिनी बसायची त्या स्टुलावर बसले. फिल्टरच्या खोक्यांकडे बघत विचारलं, "ताई, तिचा वास गेला होता ना?"

मी हो म्हटलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"ती मोरीत पडली त्याच्या पाच महिने आधीपासून."

त्यांनी मनात काहीतरी मोजलं. ओठ हलत होते. गाड्या मोजत असणार. "मग ती बरोबर कशी सांगायची?"

मी सगळं सांगितलं. ती त्यांच्याच तोंडून कसं काढून घ्यायची, हुंगल्यासारखं कसं करायची, आणि हो कसं म्हणायची. मला वाटलं, ते चिडतील. किंवा निदान एवढं तरी कळेल की त्यांना नाकाची गरजच नव्हती, सगळी विद्या त्यांच्या बोटांतच होती. मला वाटलं, यातून त्यांना थोडा धीर येईल.

"नाक मला दुसऱ्या वर्षापासूनच लागत नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "माझं मला कळायला लागलं होतं. कागद होता, तवा होता, बोटं होती."

"मग चिंध्या का न्यायचात?"

"ती चिंधी सोडायची, नाक मुरडायची, नाव ठेवायची, हसायची. मला बोलता येत नाही, ताई. गाडीशिवाय मला काही सुचत नाही. आमची सव्वीस वर्षं झाली होती, त्यातली वीस मी ताटात बघून जेवलो. चिंध्या आल्या आणि आम्ही रोज अर्धा तास बोलायला लागलो. ते बंद पडू नये म्हणून नेत होतो."

मी स्वतःला आवरून विचारलं, "आणि लंबूची गाडी?"

"कडं दिसलं होतं मला कागदावर. हे एवढं मोठं." त्यांनी बोटांनी दाखवलं. "बरेच दिवस माझ्या लक्षात आलं होतं की मी आधी बोलतो आणि ती नुसती हो म्हणते. मला वाटलं, मी सगळं सांगून टाकतो, तिला काही उरत नाही. कंटाळली असेल. म्हणून त्या दिवशी मुद्दाम गप्प बसलो. म्हटलं, आज तिला सांगू दे. ती म्हणाली, साफ आहे. आता तिला खोटी कशी पाडू? म्हटलं, लंबू दोन फेऱ्या मारून येईल, मग बघून घेऊ. दोन फेऱ्यांनी काय होतंय?"

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मिस्त्रींनी तिकडे पाहिलं नाही.

"मला माहीत होतं, ताई. गाडीत डिझेल आहे हे मला माहीत होतं. आणि घरी जाऊन तिला म्हणालो, एवढं एक काम होतं तुझं." त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ते रडले. हाताला ऑईल होतं म्हणून डोळे मनगटाने पुसत होते. "त्यानंतर दोन महिने मी ताटात बघून जेवलो. ती समोर बसलेली असायची. एकदा वर बघितलं असतं तर दिसलं असतं."

मीही रडत होते. मी म्हटलं, "मिस्त्री, तुमची एकट्याची चूक नाही. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ द्या ताई, तुम्हाला तरी काय माहीत. अशा वेळी माणसं तेच म्हणतात. मी त्याचीच वाट बघत होते.

"हो," मिस्त्री म्हणाले. "सांगायला हवं होतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, ते मला येतं. ते उठले, म्हाताऱ्याच्या गाडीसाठी पंपाचं सील मागितलं, आणि मी ते शोधून दिलं.